निर्दोष सुटल्याची नोंद

‘उचल्या’ वर्गात शिकवताना मला दरवर्षी एक अडचण येते. पुस्तकाचे नाव फळ्यावर लिहिले की काही पोरे हसतात आणि एकदोघे खाली मान घालतात. मान घालणारे कोठल्या वस्तीवरून आलेत हे कोणाला सांगावे लागत नाही. मागच्या वर्षी त्यांच्यापैकी एकजण तास संपल्यावर मागे थांबला. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जो रस्ता जातो, त्या बाजूच्या पारधी वस्तीवरचा हा मुलगा. त्याने विचारले, “सर, माणूस कोर्टातून सुटला तर सुटल्याचं कुठं लिहिलेलं असतं?”

त्याच्या बापावर बऱ्याच वर्षांपूर्वी चोरीची केस झाली होती. निकाल निर्दोष असा लागला. पण रस्त्याला कोठे काही घडले की रात्री वस्तीवर गाडी येते ती येतेच. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. त्यांच्या मैदानावर धावणारी पोरे तो लहानपणापासून बघत आला. फॉर्मात उमेदवाराविषयी विचारतात, बापाविषयी नाही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “फॉर्म राहू द्या सर. तिथं आडनाव वाचतात.”

मी मराठीचा शिक्षक. कायद्याचा माणूस नव्हे. पण हा प्रश्न आपल्या समीक्षेलाही विचारलेला आहे असे मला त्या दिवसापासून वाटते. आपण दलित आत्मकथनांची चर्चा भाषा, अनुभव, विद्रोह, नकार या अंगांनी केली. ही पुस्तके आधीच लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या एका मजकुराला उत्तर म्हणून आली, हे मात्र आपण फारसे पाहिले नाही. तो मजकूर सरकारी आहे, कपाटात आहे, आणि ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचायला मिळत नाही.

त्या मजकुराची परंपरा जुनी आहे. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा आला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. पण लेखणी त्याही आधी चालू झाली होती. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये इतर जातींच्या वर्णनाबरोबर ‘उचल्या’ नावाची नोंद आहे. शेतकरी कोण, कोष्टी कोण, तसेच उचल्या कोण. कृती हीच जात. पुढे १९०८ साली एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी उघडावे. प्रत्येक जमातीला एक प्रकरण, आणि प्रकरणांत बहुतेक तीच ठरलेली कलमे : नाव, वावरण्याचा मुलूख, दिसणे आणि पोशाख, बोली, वेषांतर, चोरीची पद्धत, चोरीच्या मालाची विल्हेवाट. त्यांत एक कलम आहे ‘वरवर दाखवण्याचा धंदा’. टोपल्या विणणे, जाते टाकणे, फासे लावून पाखरे धरणे, म्हशी भादरणे ही सगळी कामे या कलमाखाली जातात. म्हणजे माणूस कष्ट करताना दिसला तर ते कष्ट हाच त्याच्या लबाडीचा पुरावा. बोली हीसुद्धा पुरावाच, कारण ती पोलिसाला कळत नाही. या कलमांच्या चौकटीत एकदा बसवलेला माणूस निर्दोष ठरूच शकत नाही. तशी जागाच त्या चौकटीत ठेवलेली नाही.

आता लक्ष्मण गायकवाडांचे पुस्तक घ्या. ‘उचल्या’ १९८७ साली आले, दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कौतुक करणाऱ्या प्रस्थापित समीक्षकांनी त्याला ‘अनोख्या जगाचे दर्शन’ म्हटले. अनोखे कोणाला? ज्या शब्दाखाली सरकारने शंभर वर्षांपूर्वी ही माणसे दप्तरात घातली, तोच शब्द लेखकाने शीर्षक म्हणून घेतला आहे. पोलिसी पुस्तकातले एकेक कलम तो जणू पुन्हा भरतो. आजोबांची हजेरी येते, घरात घुसून बायाबापड्यांना झालेली मारहाण येते, खिसा कापायला शिकवणे येते, लातूरच्या सूतगिरणीतली नोकरी येते. एक गोष्ट तो करत नाही : आम्ही चोरी केलीच नाही असे तो म्हणत नाही. मला या पुस्तकाचे खरे बळ येथे दिसते. निष्पापपणाचा दावा केला असता तर तो पोलिसाच्याच भाषेत बोलला असता. पोटात भूक आहे आणि कामाला कोणी उभे करत नाही, अशा घरात चोरी काय असते हे तो आतून सांगतो, आणि वाचकाला फिर्यादीच्या किंवा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू देत नाही.

पुस्तकाचा उत्तरार्ध संघटनेच्या कामाकडे वळतो, तेथे गद्य कार्यकर्त्याच्या अहवालासारखे होते हा आक्षेप मलाही मान्य आहे. पण अहवाल का लिहावासा वाटला? ज्याच्याविषयी आयुष्यभर दुसऱ्यांनीच अहवाल लिहिले, त्याला आपलाही एक लिहून ठेवावासा वाटणार. कलादृष्ट्या कमी पडणारी ही पाने म्हणूनच मी वर्गात गाळत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. मार खाणाऱ्या बाया या पुस्तकात ओरडतात, रडतात, शिव्या देतात. पण त्यांच्या मनात काय आहे याची नोंद तेथेही अपुरीच राहते.

अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’तही हजेरी आहे. १९५९ च्या त्या कादंबरीत मांगांना रोज हजेरी द्यायला लावतात, आणि अण्णा भाऊ ती माणसाच्या इज्जतीवरचा घाव म्हणून रंगवतात. तेथे हजेरी घेणारा डोळ्यांसमोर उभा असतो, त्याच्याशी दोन हात करता येतात. आमच्या विद्यार्थ्याच्या बापाची हजेरी कागदावर चालते. तो कागद त्याने कधी पाहिलेला नाही.

१९५२ च्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. म्हणून तो विमुक्त दिन. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नव्हे, असे सांगतात. कागदावर खरेही आहे. वर्तमानपत्र उघडा, ‘सराईत’ हा शब्द कोणत्या आडनावांना चिकटतो ते पाहा. शिक्षा झाली की नाही याच्याशी त्या बातमीला कर्तव्य नसते.

मग आम्ही शोधाला लागलो. यातला अनुभव इतर शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील प्रकरणे सोडून बाकी प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावेत. त्याप्रमाणे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि ठाणे निवडले की फिर्यादी वाचता येतात. शिरूर, शिक्रापूर, दौंड, यवत, कोणतेही ठाणे घ्या. पण फिर्याद म्हणजे आरोप. प्रकरण कसे सुरू झाले ते सगळ्या गावाला दिसते, कसे संपले ते तेथे दिसत नाही. तपास होऊन पोलिसांनीच ‘बी समरी’ मागितली, म्हणजे फिर्याद खोटी होती असे म्हटले, तरी ते शोधायला दुसरीकडे जावे लागते. शेवट न्यायालयात असतो. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष घालून शोध घेता येतो. नावाने शोधायचे म्हटले की काळे, भोसले, पवार, चव्हाण यांची रांग लागते. एकाच नावाचे दहा जण, बापाचे नावही कधी तेच, गावाचे नाव चुकलेले. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर जायला एवढे पुरे. संगणक येण्याआधीचा निकाल तर बहुधा तेथे नसतोच. त्यासाठी खटल्याचा क्रमांक देऊन नक्कल मागायची. आणि क्रमांक ज्या कागदावर असतो तो कागद पालावर पावसात टिकत नाही.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्वतःविषयीच्या नोंदी मागता येतात. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेवढेही लागत नाहीत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. मुलाच्या बापाच्या अर्जाला एका कार्यालयातून आलेले उत्तर आमच्याजवळ आहे : ‘सदर माहिती गोपनीय स्वरूपाची आहे.’ हिस्ट्री शीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो लोकांसाठी खुला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात म्हटले आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे, कारण ही कागदे उघडी पडली तर बदनामी आणखी वाढेल. त्याच निकालात न्यायालयाने मागासलेल्या आणि विमुक्त समाजांतील माणसांची नावे केवळ जन्मावरून यांत्रिकपणे चढवली जातात याची दखल घेतली आणि सर्व राज्यांना आपले नियम तपासायला सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. हे निकाल आपल्या हातात आहेत. ते मराठीत करून वस्त्यांवर वाचून दाखवणे हे काम अजून पडून आहे.

येथे एक उलटे चित्रही पाहण्यासारखे आहे. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाला २००२ च्या निकालानंतर आपल्यावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात लिहावे लागतात, २०१८ पासून पक्षांनाही ते वर्तमानपत्रांत छापावे लागतात. ती पाने कोणालाही वाचता येतात. ज्याचे कलमांवर कलमे असलेले पान सगळा तालुका वाचतो, तोही निवडून येऊ शकतो. ज्याचे पान कोणालाच वाचता येत नाही, त्याला मात्र मजुरीवर उभे करताना मुकादम दोनदा विचार करतो.

निर्दोष सुटणे ही किरकोळ बाब नव्हे, हे भोकरदनच्या प्रकरणाने दाखवले आहे. २००३ सालच्या दरोडा आणि खुनाच्या त्या खटल्यात भटक्या जमातीतले सहा जण होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्यांना फाशीच्या दोरापर्यंत नेले आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. मधली सोळा वर्षे कोणत्या आत्मकथनात येणार?

आता थोडे आपल्याविषयी. माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, १४ एप्रिलला नवे कपडे. आणि तेच वडील मला बजावत, “पारध्याच्या पोरांत जाऊ नको.” स्टेशनावर कोणाची पेटी गेली की आमच्या चाळीतही बोट त्याच बाजूला जाई. आम्ही नवबौद्ध, पण सरकारचे ते रजिस्टर आमच्याही डोक्यात होते. गावकीच्या काळात राखण करणे, चोराचा माग काढणे ही महाराच्या माथी मारलेली कामे होती; माग कोणाच्या पालापर्यंत जायचा हे बहुधा आधीच ठरलेले असे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती या तिघांना एका रांगेत उभे केले आणि त्यांच्या अवस्थेचा जाब हिंदू संस्कृतीला विचारला. आपल्या चळवळीने त्या तिघांतला पहिला शब्द घट्ट धरला, तिसरा हातातून सुटला. आपल्या चर्चासत्रांतही ‘उचल्या’, ‘उपरा’ यांना शेवटचे सत्र मिळते, जेवणानंतरचे.

त्या विद्यार्थ्याच्या बापाचा खटला अखेर सापडला. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत एक जुने समन्स निघाले; त्यावर क्रमांक होता. अर्ज केला, हेलपाटे घातले, नक्कल मिळाली. तीन पाने, मराठीत टंकलिखित. मालाची ओळख पटली नाही, पंच उलटले, सबब आरोपीस निर्दोष सोडण्यात येत आहे. मी ती वस्तीवर वाचून दाखवली. माणूस उकिडवा बसून सगळे ऐकत होता. मध्येच स्वतःचे नाव आले तेव्हा त्याने मान हलवली. वाचून झाल्यावर त्याने तिन्ही पाने हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि पोराला विचारले, “रात्री गाडी आली, तर ह्यातलं दाखवायचं पान कोणतं?”