कुलवृत्तांत आणि साथीची वर्षे

कुलवृत्तांत हा मराठीतील मोठ्या कष्टाचा ग्रंथप्रकार आहे. गावोगाव हिंडून, शेकडो पत्रे पाठवून संपादक दहा-दहा पिढ्यांची वंशावळ जुळवतात. या श्रमांचा आदर राखूनही आमची एक तक्रार आहे. माणूस काय शिकला, कोठे नोकरीस होता, हे या ग्रंथांत असते. तो कशाने गेला, हे बहुधा नसते. 'अल्पवयात निवर्तला' एवढ्यावर नोंद संपते. मग एकाच पिढीतील तीन-चार तरुण मृत्यू पाहून कोणी म्हणतो, घराण्याला शाप आहे. थोडा विज्ञान शिकलेला म्हणतो, अल्पायुष्य आनुवंशिक आहे. सोयरीक जुळवताना हे बोलणे मुलीच्या आड येते. दोन्ही निष्कर्ष सारखेच निराधार.

आधी वर्षे पाहावीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. पुढे कित्येक वर्षे प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. १९१८ चा इन्फ्लुएंझा वेगळा. त्याची घातक लाट काही आठवड्यांची, पण देशात एक कोटीहून अधिक बळी गेले. त्यांत ऐन तारुण्यातील माणसे फार आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. कुलवृत्तांतात या स्त्रिया 'प्रथम पत्नी' एवढ्याच उरतात, लगेच द्वितीय विवाहाचे साल येते. ते १९१९ किंवा १९२० असेल, तर संपादकाने तेथे थांबून चौकशी करायला हवी.

श्राद्धामुळे घरात तिथी टिकते, वर्ष हरवते. शके १८४० चा आश्विन म्हणजे जवळजवळ सारा ऑक्टोबर १९१८, साथीचा कळस. एका घरात आश्विनातल्या दोन-तीन तिथी निघाल्या तर शंका घेण्यास जागा आहे. पुरावा मात्र नव्हे.

पुराव्यासाठी गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीकडे, म्हणजे कोतवाल बुकाकडे वळावे. ज्यांचा कुलवृत्तांत कोणी छापलाच नाही, अशा बहुसंख्य घरांना तर तिचाच आधार. पण तीही जपून वाचावी. मोडी लिपीची अडचण आहेच. शिवाय इन्फ्लुएंझाचे बहुतेक मृत्यू 'ताप' या सदरात पडले आणि हिवतापाचेही तेथेच. म्हणून एकटी नोंद न पाहता त्या महिन्यातील गावचे सारे 'ताप'मृत्यू मोजावेत आणि आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावेत. मोडी वाचणारा सोबत असेल, तर हे काम नववीची मुलेही करू शकतील.