ताटापलीकडचा माणूस

भाईंदरला उपासनेनंतर 'सहभागिता' हा शब्द ऐकला की मला 'स्मृतिचित्रे' आठवते. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. आपले सोवळे कसे गळाले, हे त्या स्वतःवर हसत सांगतात. ही प्रांजळता दुर्मीळच. पण ज्याचा विटाळ होत होता, त्या महार-मांग ख्रिस्ती माणसाला काय वाटले? नगरकडची मंडळी त्याच्याच संख्येवर उभी राहिली. त्याचे मन मला या पुस्तकात सापडत नाही. आमच्या समीक्षेने मात्र उच्चवर्णीयाच्या त्यागालाच ऐक्य मानले.

पंगत एक झाली म्हणून सोयरीक एक होत नाही. उत्तनचा ख्रिस्ती कोळी आणि नगरहून पोटासाठी आलेला दलित ख्रिस्ती येशूने शिकवलेली एकच प्रार्थना म्हणतात. लग्न ठरवताना मूळ जात विचारलेली मी ऐकली आहे. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश १९५६ साली शिखांसाठी, १९९० साली बौद्धांसाठी बदलला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. कायद्याला त्याची जात दिसत नाही, सोयऱ्यांना तेवढी दिसते.

त्याचे आत्मकथन आपणच लिहिले पाहिजे. तोवर बंधुभावाचे गोडवे मी गाणार नाही.