सूक्ष्मशैवलांतील तेलवृद्धी : टक्केवारी आणि उत्पन्न

सूक्ष्मशैवलांपासून इंधनतेल मिळविण्याच्या संशोधनात जनुकीय साधनांना आज अग्रस्थान लाभले आहे. या विषयावरील निबंधांत एकच दावा निरनिराळ्या शब्दांत वारंवार आढळतो : अमुक जनुकात बदल केला आणि पेशीतील तेलाचे प्रमाण इतके टक्के वाढले. हा दावा खोटा असतो असे नव्हे. परंतु ज्या प्रश्नासाठी संशोधन हाती घेतले, त्याचे ते उत्तर नव्हे. इंधनाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते एका चौरस मीटरवर एका दिवसात हाती येणाऱ्या तेलाला.

समजा, एक वाण दर चौरस मीटरला रोज ५ ग्रॅम वाढतो आणि त्यात ६० टक्के तेल आहे; दुसरा २० ग्रॅम वाढतो, पण त्यात तेल २५ टक्केच आहे. पहिल्यापासून ३ ग्रॅम तेल मिळेल, दुसऱ्यापासून ५ ग्रॅम. ही तुलना काल्पनिक असली, तरी तिच्यातील अडचण खरी आहे. शैवलाचा नायट्रोजन तोडला की पेशीत तेल साठू लागते. परंतु प्रथिने घडविणे अशक्य झाल्याने पेशींचे विभाजनही खुंटते. टक्का चढतो तो पुष्कळदा वाढीच्या मोलाने.

जनुकीय साधनांच्या इतिहासातील पहिला धडाही याच जातीचा आहे. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने १९७८ ते १९९६ या काळात चालविलेल्या कार्यक्रमात सायक्लोटेला क्रिप्टिका या डायाटममध्ये मेदाम्लनिर्मितीतील आरंभीच्या एंझाइमाचे, म्हणजे अ‍ॅसिटिल-कोए कार्बॉक्सिलेजचे, जनुक अधिक प्रमाणात घालण्यात आले. एंझाइमाची क्रियाशीलता वाढली. तेल मात्र वाढले नाही. एका पायरीवरील एंझाइम वाढविल्याने संपूर्ण मार्गाचा प्रवाह वाढतो, हे गृहीतकच अपुरे ठरले. दोष साधनाचा नव्हता. साधन कोठे लावावे याविषयीच्या कल्पनेचा होता.

या पार्श्वभूमीवर अजावी व सहकारी यांचा २०१७ मधील निबंध विशेष अभ्यसनीय ठरतो. नॅनोक्लोरॉप्सिस गडिटाना या शैवलाचा नायट्रोजन तोडून त्यांनी तेलनिर्मितीला आवर घालीत असावेत असे वीस नियामक शोधले आणि क्रिस्पर-कॅस९ या साधनाने त्यांपैकी अठरांची जनुके खंडित केली. त्यांतील एक, जस्तयुक्त प्रथिनांच्या कुलातील नियामक नाहीसा होताच, नायट्रोजन विपुल असतानाही तेलाकडे जाणारा कार्बनचा वाटा २० टक्क्यांवरून ४० ते ५५ टक्क्यांवर गेला. परंतु वाढ मंदावली. निबंधाचे खरे मोल पुढच्या पायरीत आहे. नियामक समूळ न काढता त्याचे प्रमाण केवळ घटविले, तेव्हा वाढ जवळजवळ अबाधित राहिली आणि तेलाचे उत्पन्न दर चौरस मीटरला रोज सुमारे २.५ ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर गेले. संशोधकांनी टक्क्यावर समाधान न मानता उत्पन्न मोजले, म्हणूनच छेदनापेक्षा शिथिलीकरण श्रेयस्कर हे त्यांना दिसू शकले.

तथापि हे यश प्रयोगशाळेतील नियंत्रित संवर्धनाचे आहे, हे विसरून चालणार नाही. उपरोक्त अमेरिकी कार्यक्रमात न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे १,००० चौरस मीटरच्या उघड्या तळ्यांत चाचण्या झाल्या. तेथे रात्रीच्या थंडीने उत्पन्न घटविले. शिवाय प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले वाण उघड्या तळ्यांत टिकेनात आणि त्यांची जागा स्थानिक जाती घेत, असा अनुभव त्या कार्यक्रमात आला. जो वाण आपला कार्बन विभाजनाऐवजी तेलात गुंतवितो, तो अशा स्पर्धेत मागे पडण्याचा संभव अधिकच. २०१७ च्या संशोधनामागे उभी असलेली एक्झॉनमोबिल ही तेलकंपनी २००९ पासून या क्षेत्राला साहाय्य देत होती; पुढे तिने ते थांबविले. उत्तम साधन आणि उत्तम निबंध एवढ्याने इंधन सिद्ध होत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

यास्तव या विषयावरील निबंधाची परीक्षा करताना तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत : तेलाच्या टक्क्याबरोबर वाढीचा वेग, क्षेत्र व काळ यांच्या हिशेबातील उत्पन्न, आणि बदललेला वाण इतर जातींच्या सहवासात किती काळ टिकला याची नोंद. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे आणि निर्णायकही तीच आहे. जनुक कापण्याची कला आता हस्तगत झाली आहे. पेशीबरोबर तळ्याचाही विचार करण्याची शिस्त अंगी बाणणे शिल्लक आहे.