खेळणीवाल्याची नाममुद्रा

पुरवणीसाठी दीर्घ लेख द्याल का, असं आपल्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा त्यांना बहुधा एखाद्या नव्या कादंबरीचं परीक्षण किंवा गणेशोत्सवात बसवलेल्या नाटकावर चार शब्द अपेक्षित असावेत. मी म्हटलं, "टीव्हीवर खेळण्यांच्या जाहिराती लागतात ना, त्यांच्या शेवटी कंपनीचं जे हलतं बोधचिन्ह येतं, त्यावर लिहितो." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "लिहा. पण समीक्षा लिहा हं, पालकांची तक्रार नको." वाचकहो, ती अट पाळायचा प्रयत्न करतो.

विषय सुचला तो घरातूनच. आमची मुलगी तीन वर्षांची असताना तिला देवनागरीही येत नव्हती आणि रोमनही. रविवारी सकाळी आम्ही तिला मांडीवर घेऊन 'अ अननसाचा' सुरू करायचो आणि ती निसटून पळायची. पण दुकानात किंवा टीव्हीवर एक लाल, दातेरी कडेचं वर्तुळ दिसलं की लांबूनच ओरडायची, "लाल बिस्कीट!" ते मॅटेल कंपनीचं चिन्ह. म्हणजे या देशात आमच्या लेकीने वाचलेलं पहिलं अक्षर हा एका खेळणीवाल्याचा शिक्का होता. तेव्हा आम्ही खूप हसलो. आता ती कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे, आणि जुन्या जाहिराती एकापुढे एक लावून पाहताना ते हसू मला जरा भाबडं वाटू लागलं आहे.

शेवटच्या सहीचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 'तुका म्हणे' आलं की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. रचना संपत आली आहे, आणि जे बोललं गेलं त्याची जबाबदारी कोणाची आहे. याला आपण नाममुद्रा म्हणतो. जाहिरातीच्या शेवटी येणारं बोधचिन्ह हीसुद्धा एक नाममुद्राच. तुकोबांच्या शेजारी खेळणीवाल्याला बसवल्याबद्दल वारकरी वाचकांनी मला माफ करावं. पण मोजपट्टी म्हणून मला याहून चांगली सापडली नाही. तेव्हा प्रत्येक टप्प्यावर प्रश्न दोनच विचारायचे. कोण बोलतंय हे मुलाला कळतं का? आणि बोलणारा आपल्या शब्दाला बांधील आहे का?

मॅटेल सुरू झाली १९४५ साली, कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये. हॅरल्ड मॅटसन यांचं 'मॅट' आणि एलियट हँडलर यांचं 'एल' जोडून नाव झालं. रूथ हँडलर यांच्या नावाला मात्र त्यात जागा मिळाली नाही. पुढे सगळा व्यवहार सांभाळला तो याच बाईंनी, हे आपल्याकडच्या अनेक घरगुती उद्योगांची आठवण करून देणारं आहे. १९५५ मध्ये एबीसी वाहिनीवर डिस्नेचा 'मिकी माऊस क्लब' सुरू होणार होता. वर्षभराच्या प्रायोजकत्वाची किंमत पाच लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ कंपनीची तेव्हाची सगळी पुंजी. हँडलर पतिपत्नींनी ती लावली. तोवर खेळण्यांची जाहिरात मुख्यतः ख्रिसमसच्या तोंडावर आणि मोठ्या माणसांना उद्देशून व्हायची. आता कंपनी वर्षभर थेट मुलांशी बोलणार होती. पहिल्या गाजलेल्या जाहिरातीत एक मुलगा 'बर्प गन' नावाची खेळण्यातली बंदूक घेऊन घरातल्या दिवाणखान्यात हत्तींची शिकार करतो. नाताळ येईपर्यंत त्या बंदुकीवर दुकानांतून उड्या पडल्या.

पण मुलांशी बोलायचं कोणाच्या तोंडून? याचं उत्तर म्हणजे मॅटी मॅटेल, डोक्यावर मुकुट घातलेला एक व्यंगचित्रातला पोरगा. सोबत 'टेल', 'मॅटेल' आणि 'स्वेल' असं यमक जुळवलेलं घोषवाक्य. मॅटेलचं खेळणं ओळखू येतंच, कारण ते झकास असतं, असा त्याचा मथितार्थ. कारागिरी म्हणून मी याला पुरे गुण देतो. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण यमक कानात राहतं, आणि दुकानात आईचा पदर ओढताना नेमकं तेच ओठांवर येतं. ही युक्ती एकट्या मॅटेलची नव्हती. केनर कंपनीचा गूनी पक्षी होता, मार्क्स कंपनीचा मॅजिक मार्क्सी होता. साठच्या दशकातला खेळणीवाला असा बाहुला पुढे करूनच दारात उभा राहायचा.

आमच्या पिढीला हे समजायला सोपं आहे. दूरदर्शनचं ते गोल फिरत येऊन जुळणारं चिन्ह आणि त्याबरोबरची पंडित रविशंकरांची धून आठवा. ते बघून आपण काही विकत घेतलं नाही, पण ते आजही कानात आहे. हलत्या चिन्हाची ताकद ही अशी, अर्थाच्या आधी आत शिरणारी.

पण मॅटीला दोन प्रश्न विचारले की अडचण होते. बोलतेय कंपनी, आणि दिसतोय बरोबरीचा मित्र. १९५९ मध्ये तर एबीसीवर 'मॅटीज फंडे फनीज' नावाचा व्यंगचित्रांचा कार्यक्रमच सुरू झाला. त्याचं सूत्रसंचालन मॅटी आणि त्याची बहीण सिस्टर बेल यांच्याकडे. पुढे दोरी ओढली की बोलणाऱ्या बाहुल्या म्हणून हीच भावंडं दुकानात आली. शिक्का, यजमान आणि माल, तिन्ही एकच! नाममुद्रा रचनेच्या शेवटी यावी. इथे ती पहिल्या ओळीपासून बोलत होती, आणि सही आहे हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं.

साठचं दशक संपता संपता मॅटी गेला आणि ते लाल दातेरी वर्तुळ आलं. दिसायला अगदी सरकारी मोहोर. व्यंगचित्रातला मुलगा जाऊन मोहोर येणं हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. यमक गेलं, मुकुट गेला. उरलं ते निवेदकाच्या गंभीर आवाजातलं कंपनीचं नाव. याला एक साधं गणितही आहे. सुरुवातीच्या जाहिराती साठ सेकंदांच्या असत; सत्तरच्या दशकाच्या आरंभी तीस सेकंदांची जाहिरात रूढ झाली. पाच सेकंदांचं गाणं-बजावणं साठात एक बारांश होतं, तिसात एक षष्ठांश झालं. एवढी जागा कोण देणार? मोहोर एका सेकंदात उमटते.

शिवाय त्या शेवटच्या सेकंदांवर आणखी एक हक्कदार आला. 'हॉट व्हील्स' या मॅटेलच्याच मोटारींवर १९६९ मध्ये एबीसीने व्यंगचित्र मालिका काढली, तेव्हा टॉपर या प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली की ही मालिका नाही, अर्ध्या तासाची जाहिरात आहे. बॉस्टनजवळ पेगी चॅरेन यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली पालकांची चळवळ जोर धरत होती. १९७४ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने धोरण जाहीर केलं. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यात स्पष्ट सीमा हवी, आणि कार्यक्रमातल्या पात्राने त्याच कार्यक्रमात माल विकायचा नाही. मॅटी तोवर टिकला असता तर त्याची सूत्रसंचालकाची नोकरी तेव्हा गेली असती! जाहिरातींच्या आचारसंहितांमुळे शेवटी 'बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतील', 'प्रत्येक नग स्वतंत्र विकला जातो' अशी वाक्यंही आली. या काळातल्या जाहिराती बघताना मला सर्वांत मजा येते ती याच जागी. लाल मोहोर म्हणते 'विश्वास ठेवा', आणि तिच्या आगेमागे घाईघाईने वाचलेलं वाक्य म्हणतं 'पण जरा जपून'. एका फ्रेममध्ये इतका प्रामाणिक विरोधाभास मी भल्याभल्या चित्रपटांत पाहिलेला नाही.

इथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी एका उपकरणाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. उपकरण सुरू झालं की पडद्यावर कंपनीचं चिन्ह उजळत जायचं, अडीच सेकंद. त्या अडीच सेकंदांवर आमच्या किती बैठका झाल्या ते सांगत नाही. गिऱ्हाइकाला ती शोभा वाटे. आम्हाला माहीत होतं की आत स्मृतीची तपासणी चालू आहे आणि तो उशीर झाकायला पडदा हवा आहे. तेव्हापासून कुठलंही चिन्ह हलताना दिसलं की मी विचारतो, यामागे काय चाललंय?

सत्तरच्या दशकातल्या त्या भारदस्त मोहोरेमागे काय चाललं होतं, हे न्यायालयाच्या नोंदीत आहे. कंपनीच्या आर्थिक अहवालांतले आकडे फुगवलेले निघाले. हँडलर दांपत्य १९७५ मध्ये कंपनीतून बाहेर पडलं. १९७८ मध्ये रूथ हँडलर आणि काही माजी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यांनी आरोप लढवले नाहीत; दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. मोहोर दिसायला जितकी सरकारी, तितकी ती खरी असतेच असं नाही.

१९८० मध्ये मॅटेलचा इंटेलिव्हिजन हा व्हिडिओ गेमचा संच देशभर विक्रीला आला. त्याच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन, आडवे वीस आणि उभे बारा. दातेरी वर्तुळाचा डौल तिथे कुठून येणार? खेळ सुरू होताना साध्या ठोकळेबाज अक्षरांत ओळ यायची, 'मॅटेल इलेक्ट्रॉनिक्स सादर करीत आहे'. मला विचाराल तर या कंपनीची ही सर्वांत सच्ची नाममुद्रा. ना मित्राचं सोंग, ना मोहोरेचा आव. कोण सादर करतंय ते सांगितलं आणि खेळ सुरू केला.

त्याच सुमारास टीव्हीवर वाहिन्यांची चिन्हं चकाकत्या धातूची होऊन उडू लागली होती. संगणकाच्या चित्रात धातू तुलनेने स्वस्त पडतो. भोवतालचं एक चित्र त्यावर प्रतिबिंब म्हणून चिकटवलं की काम भागतं. खेळणीवाल्यांना मात्र त्या चकाकीची फारशी गरजच उरली नव्हती. १९८३ मध्ये 'ही-मॅन' मालिका आली, आधी बाहुले आणि मग त्यांच्यावर बेतलेल्या गोष्टी. १९८४ मध्ये कमिशनने मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातींचे निर्बंध सैल केले. आता तलवार उंचावणारा नायकच कंपनीचं हलतं चिन्ह झाला, तोही अर्धा तास चालणारा. मॅटी मागच्या दाराने परत आला, आणि खरी मोहोर जाहिरातीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिरातींची मिनिटं ठरवून दिली, आठवड्याअखेरीस साडेदहा आणि इतर दिवशी बारा. पण कार्यक्रमच जाहिरात असेल तर मिनिटं कशाची मोजायची?

मग या सगळ्यात सहीचा उपयोग काय? याचं उत्तर ऑगस्ट २००७ मध्ये मिळालं. शिसं असलेला रंग आणि सुटून येणारे बारीक लोहचुंबक यांमुळे मॅटेलने जगभरातून लक्षावधी खेळणी परत मागवली. तेव्हा पालकांनी खेळण्यांचे ढीग उपसून काय शोधलं? तळाशी असलेलं कंपनीचं नाव आणि क्रमांक. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट एकर्ट यांना चित्रफितीतून पालकांशी बोलावं लागलं. इतक्या वर्षांत त्या लाल वर्तुळामागून एक खराखुरा माणूस पुढे आला, तो असा. सही होती म्हणून जाब विचारता आला. बिननावाच्या खेळण्याचा जाब कोणाला विचारणार?

२०२३ मध्ये 'बार्बी' चित्रपट आम्ही सहकुटुंब पाहिला. जगभरात त्याने १.४ अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. त्यात मॅटेल कंपनी स्वतःच एक पात्र आहे, विल फेरेलने रंगवलेला बावळट बॉस, आणि रूथ हँडलरही. पैशांच्या त्या जुन्या भानगडीवरसुद्धा चित्रपट एक विनोद करून घेतो. मी मनापासून हसलो, आणि मग अस्वस्थ झालो. मॅटी परत आला होता, या वेळी सूट घालून, स्वतःची चेष्टा करत. स्वतःला हसणाऱ्यावर आपण कसे रागावणार? आजवरची ही सर्वांत हुशार नाममुद्रा, आणि म्हणूनच सर्वांत कमी बांधील.

चित्रपटगृहात पडद्यावर ते वर्तुळ दिसल्यावर लेक माझ्याकडे झुकून कुजबुजली, "बाबा, लाल बिस्कीट." तिला आठवत होतं. घरी येताना गाडीत म्हणाली, "मला ते चिन्ह माहीत होतं, पण ती जाहिरात असते हे कितीतरी उशिरा कळलं." या लेखाचं सार मला याहून नेमकं सांगता येणार नाही.

संपादकबाई, तक्रार न करण्याची अट बहुतांशी पाळली आहे. बदल्यात एक सुचवतो. दिवाळीच्या कार्यक्रमात मोठी माणसं फराळाला बसली की लहान मुलांना मी तीन जुन्या जाहिराती दाखवीन आणि प्रत्येकीनंतर एवढंच विचारीन, "आत्ता कोण बोललं?" आमच्या मुलीला हे तीन वर्षांची असताना विचारायचं राहून गेलं. प्रोजेक्टर मी आणतो.