छोट्या इंजिनातली खरी वाफ

मध्यंतरी एका शिक्षक-शिबिरात एका हौशी गृहस्थांनी आपले खेळण्यातले आगगाडीचे इंजिन आणले होते. मुळात ते विजेवर चालणारे. गृहस्थांनी आतली मोटर काढून टाकली होती आणि तिच्या जागी तांब्याचा छोटा बॉयलर, गॅसचा बर्नर आणि दोन डुलते सिलिंडर बसवले होते. थोड्या वेळात वाफ धरली आणि इंजिन फुसफुसत निघाले. सारे हरखले, आम्हीही हरखलो. मग एका बाईंनी विचारले, "म्हणजे ही मोठ्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रत ना?" गृहस्थ उत्तरले, "अगदी हुबेहूब!"

आमची तक्रार आहे ती या एका शब्दाबद्दल. कारागिरीबद्दल नाही.

हा छंद मुख्यतः इंग्लंडात वाढला. 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक तिथे 1898 सालापासून निघते. 1920 च्या दशकात त्यात एक वाद गाजला. छोट्या इंजिनाला स्पिरिटच्या दिव्याने तापणारा बॉयलरच योग्य, असे एक बाजू म्हणे. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने उलट दावा केला की, कोळशावर चालणारे छोटे इंजिन माणसालाही ओढून नेईल. अडीच इंची रुळांवरच्या आपल्या 'आयेशा' इंजिनाने त्याने ते करून दाखवले. पण ते जमले कसे? मोठ्या बॉयलरची मापे जशीच्या तशी घटवण्याचा मोह त्याने टाळला. नळ्या प्रमाणापेक्षा कमी आणि रुंद ठेवल्या. थोडक्यात, इंजिन खरे चालावे म्हणून त्याने हुबेहूबपणा सोडला.

असे का करावे लागते, हे आकड्यांत पाहू. इंग्लंडात प्रचलित असलेल्या 'डबल-ओ' मापात प्रत मुळाच्या सुमारे 1/76 असते. लांबी 76 पटीने घटली की पृष्ठफळ 5,776 पटीने घटते आणि घनफळ 4,38,976 पटीने. उष्णता साठते पाण्याच्या घनफळात, निसटते ती पृष्ठभागातून. म्हणजे साठ्याच्या मानाने निसटण्याची वाट 76 पट मोठी झाली! मोठे इंजिन शेगडी मंदावली तरी काही काळ वाफ धरून ठेवते. छोटे पाहता पाहता निवते. मोठ्या बॉयलरमधली दोन इंच व्यासाची नळी याच प्रमाणात लहान केली, तर तिचे छिद्र एक मिलिमीटरहूनही कमी उरेल. हवेचे रेणू मात्र लहान होत नाहीत, तिचा चिकटपणाही घटत नाही. अशा नळीतून ज्वाळांचे वायू धड जाणार नाहीत आणि काजळीने ती लगेच बुजेल.

बळाची गोष्ट याच्या उलट. दट्ट्यावरचे बळ त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून, तर इंजिनाचे वजन घनफळावर. वाफेचा दाब मोठ्या इंजिनाइतकाच ठेवला, तर वजनाच्या मानाने बळ 76 पट होईल आणि चाके जागच्या जागी गरगरतील. म्हणून छोट्या इंजिनाला थोडाच दाब पुरतो. मात्र वाफ बंद करताच ते जवळजवळ तिथेच थांबते, कारण धावत राहण्यासाठी लागणारा गतीचा साठा त्याच्यापाशी नसतो. खऱ्या गाडीचा तो दमदार, लांबत जाणारा थांबा या प्रतीत दिसत नाही.

आता सर्वांत धीट प्रयत्नाकडे वळू. हॉर्नबी कंपनीने 2003 मध्ये डबल-ओ मापातले 'मॅलर्ड' खऱ्या वाफेवर चालवून दाखवले. मूळ मॅलर्डने 3 जुलै 1938 रोजी ताशी सुमारे 203 किलोमीटरचा वेग गाठला होता आणि वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आहे. तळहातावर मावणाऱ्या त्याच्या प्रतीत आग ठेवणे अवघड. तेव्हा रुळांतून वीज आणून तिने पाणी उकळायचे, अशी युक्ती केली गेली. बॉयलर इंजिनात न ठेवता मागच्या टेंडरमध्ये ठेवला आणि तिथून वाफ पुढच्या सिलिंडरांत नेली. अभियांत्रिकी म्हणून ही करामत थक्क करणारी आहे.

पण याला वाफेचे इंजिन म्हणावे का? दट्ट्या वाफच ढकलते, म्हणून हो. ऊर्जेचा माग काढला, तर मात्र गंमत होते. समजा, वीज औष्णिक केंद्रातून आली. तिथे कोळसा जळला, पाण्याची वाफ झाली, वाफेने जनित्र फिरवले. ती वीज घरी आली आणि तिने पुन्हा पाण्याची वाफ केली! वीज हा ऊर्जेचा उच्च प्रतीचा प्रकार. मोटर तिचा बराचसा भाग थेट गतीत बदलते. इथे आपण तिची आधी उष्णता करतो, मग त्या उष्णतेतला अगदी थोडा अंश गती म्हणून परत मिळवतो आणि बाकीची हवेत सोडतो. उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे इतके बोलके उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही. दोष असा की, ते तसे म्हणून दाखवले जात नाही. 'खरी वाफ' एवढेच सांगितले जाते आणि इंजिनाचा आत्मा असलेली आग गेली कुठे, हे कोणी विचारत नाही.

त्या दृष्टीने शिबिरातले गॅसचे इंजिन अधिक प्रामाणिक. त्यात आग आहे, पाणी संपते, तेल घालावे लागते, चढावर दम लागतो. हे सारे मुलांनी पाहावे. मात्र वर्गात असे रूपांतर हौसेने करू नये. बॉयलरमधील दाब वातावरणापेक्षा 3 बार जास्त असताना वाफेचे तापमान सुमारे 144 अंश सेल्सियस असते आणि कथील-शिशाचा साधा डाग 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो. पाणी आटले की हे अंतर बघता बघता संपते. म्हणून जाणकार चांदीमिश्रित डाग वापरतात, सुरक्षा झडप बसवतात आणि आधी थंड पाण्याच्या दाबाखाली बॉयलर तपासून घेतात. यातले एकही टाळून पत्र्याचा बंद डबा तापवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

वाफेशिवायही हा धडा शिकवता येतो. एकाच आकाराची, पण एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद अशी दोन भांडी घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी काठोकाठ भरा आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा. आलेख मुलांना काढू द्या. लहान भांडे लवकर का निवले, हे त्यांनी स्वतः शोधले की मग छोट्या इंजिनाची गोष्ट सांगा.

त्या गृहस्थांना आम्ही नंतर एवढेच म्हणालो, "तुमचे इंजिन हुबेहूब नाही, म्हणूनच ते चालते." ते क्षणभर थांबले. मग हसून म्हणाले, "खरंय. नळ्या मी चारदा बदलल्या." हेच त्यांनी बाईंना सांगितले असते, तर शिबिराचे सार्थक झाले असते.