नव्या पाहुण्याचे पान

बालगंधर्वांच्या गायनाची चिकित्सा करणारे लेख आपण आवडीने वाचतो. त्यांच्या रसिकांचीही कधी चिकित्सा व्हावी, असे मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. आज तोच विषय वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे, आणि त्यातही प्रश्न एकच विचारावयाचा आहे: या रसिकमंडळात कोणी नवा माणूस प्रथमच आला, तर आपण त्याचे स्वागत कसे करतो?

निमित्त घडले ते भोपाळात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ ही त्याची राजधानी ठरली. तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर या बाजूंची पुष्कळ मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावली. अशाच एका घरी २६ जूनला, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांच्या जन्मदिवशी, दहाबारा मंडळी जमतात आणि नारायणरावांची पदे ऐकतात. त्या घरात गोव्याकडची एक वृद्ध मावशी आहे. तिचे माहेर मंगेशीचे. त्यामुळे मनाने ती मास्तर दीनानाथांच्या पक्षाची. तरीही गंधर्वांच्या बैठकीसाठी सर्वांआधी सतरंजी अंथरते ती हीच.

एका वर्षी या बैठकीला गाणे शिकणारी एक मुलगी आली. तिच्या घरची भाषा हिंदी. २०११ साली निघालेला ‘बालगंधर्व’ हा चित्रपट तिने पाहिला होता आणि तेवढ्या ओढीने ती आली होती. “बालगंधर्वांचा आवाज मला फार आवडतो,” असे ती सरळपणे म्हणाली. तोच एक वडीलधारे गृहस्थ हसले. “अगं, त्या चित्रपटात गायले आहेत ते आनंद भाटे, आणि दिसतात ते सुबोध भावे. तू गंधर्व ऐकलेस कधी?” मग एकामागून एक प्रश्न झाले. ‘स्वयंवर’ कोणत्या सालचे? सिंधू कोणत्या नाटकातली? मुलगी गप्प राहिली आणि दाराशी काढलेल्या चपलांकडे पाहू लागली.

तेवढ्यात मावशीने आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. गडबडीत तिच्या तोंडून आपली कोंकणीच निघाली. “यो गो बाय, हांगा बस.” मुलीला शब्द कळले नसतील, हाताची खूण कळली. मावशीने ‘स्वयंवरा’तील भीमपलासाचे एक पद लावावयास सांगितले. दुसऱ्याच ओळीला मुलीचा चेहरा बदलला. “भीमपलास!” असे म्हणून तिने त्याच रागातली आपण शिकलेली हिंदी चीज हळूच गुणगुणून दाखविली. बैठकीतल्या पुष्कळांना राग ओळखता येत नव्हता. तो त्या दिवशी सर्वांत नव्या माणसाने ओळखला.

प्रसंग एवढाच. त्या गृहस्थांची माहिती चुकीची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. चित्रपटातला आवाज नारायणरावांचा नव्हता, आणि ते सांगणे आवश्यकही होते. आक्षेप आहे तो माहितीचा अडसर करण्यावर. “प्रत्यक्ष ऐकले आहे काय?” हा आपल्या मंडळातला ठेवणीतला प्रश्न. पण आज तो विचारण्याचा अधिकार कोणाला उरला आहे? ‘मानापमाना’तील भामिनी १९११ ची, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी १९१६ ची, ‘एकच प्याल्या’तील सिंधू १९१९ ची. ती सिंधू दहाव्या वर्षी ज्याने पाहिली, त्याचे वय आज शंभरीच्या बरेच पुढे गेले असते. स्वतः नारायणराव १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले. भर बहरातले गंधर्व आपल्यापैकी कोणीही ऐकलेले नाहीत. आपल्याला ते मिळाले ते तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून आणि वडिलांनी सांगितलेल्या आठवणींतून. त्या मुलीला ते चित्रपटातून मिळाले. वाटा निराळ्या असतील. परंतु या मंडळात आपण सारेच उशिरा आलेले पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने पाहुण्याला दाराशी अडविणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा निघतो. ज्याला मराठी येत नाही, त्याला नाट्यपदाची गोडी काय कळणार, असे काहीजण म्हणतात. यात तथ्यांश आहे. शब्दाचा अर्थ स्वरात विरघळवून तो श्रोत्याच्या पदरी घालणे, हे नारायणरावांच्या गायकीचे मर्म होते, आणि शब्द न कळणाऱ्याला त्यातले निम्मे दुरावते. पण उरलेले निम्मे आले कोठून, हेही पाहावे. ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, त्यांनी ख्यालगायकीच्या हिंदी चिजांचे भांडार मराठी पदांसाठी खुले केले. ‘एकच प्याल्या’च्या चालींत बाई सुंदराबाईंचा मोठा वाटा आहे. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. ज्या गाण्याच्या घडणीत उत्तरेकडच्या एवढ्या गुणीजनांचे हात लागले, त्या गाण्यावर हिंदी बोलणाऱ्या मुलीचा काहीच हक्क नाही, असे कसे म्हणता येईल? भोपाळात तर असे म्हणणे अधिकच विसंगत. हबीब तन्वीर यांचे ‘चरणदास चोर’ हे १९७५ सालचे नाटक छत्तीसगढी बोलीतले. तिथले लोककलावंत घेऊन त्यांनी ते उभे केले, आणि १९८२ साली एडिनबरोच्या नाट्यमहोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. तन्वीर पुढे भोपाळातच राहिले आणि २००९ साली येथेच निवर्तले. ती बोली न बोलणाऱ्या या शहराने त्या नाटकावर प्रेम केले. कान आधी रमतो, अर्थ मागून येतो, हा अनुभव येथल्या प्रेक्षकाला नवा नाही.

रसिकांचे दार बंद झाले म्हणजे काय होते, याचे दाखले गंधर्वांच्याच चरित्रात आहेत. विजापूरकडच्या गोहरबाई कर्नाटकी १९३८ साली त्यांच्या मंडळीत आल्या. त्या मुळात नारायणरावांच्या गाण्यावर लुब्ध झालेल्या, त्यांची गायकी गळ्यात मुरवून आलेल्या. म्हणजे एका अर्थाने आपल्याच रसिकमंडळातल्या एक. पण कित्येक गंधर्वभक्तांनी त्यांना कधी आपले मानले नाही. नारायणरावांच्या उतरत्या काळाचे सारे खापर त्यांच्या माथी फोडणे पुष्कळांना सोयीचे वाटले. कर्जे, बोलपटाची स्पर्धा, वय, स्वतः नारायणरावांची खर्चिक वृत्ती, ही कारणे डोळ्यांसमोर असताना दोष एका नवागत बाईला दिला गेला. हा न्याय नव्हता, हे आज तरी आपण स्वच्छपणे म्हटले पाहिजे.

याउलट, खुद्द नटांनी ही कुंपणे मोडल्याचाही दाखला आहे. गंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते यांचे सख्य नव्हते. तरी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. पुढे तीनच महिन्यांनी केशवराव गेले. एकमेकांना शह देण्यात धन्यता मानणाऱ्या श्रोत्यांना त्या एका रात्री एकाच नाटकगृहात शेजारी बसावे लागले. दीनानाथांच्या पक्षाची मावशी गंधर्वांच्या बैठकीत सतरंजी अंथरते, ती हीच परंपरा पुढे चालविते, असे मी समजतो.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. स्वागत म्हणजे नव्या माणसाच्या गळ्यात भक्तीची माळ घालणे नव्हे. गंधर्वांचा प्रत्येक स्वर दैवी, त्यांच्यात उणे काही नाही, असे सांगून त्याचे कान बंद करणे हाही दाराशी अडविण्याचाच एक प्रकार आहे. नारायणराव उतारवयातही स्त्रीभूमिका करीत राहिले. तेव्हा काही हरवले होते आणि काही उरले होते. दोन्ही ऐकू द्यावे. आधी रुक्मिणीची पदे ऐकवावीत, मग सिंधूची. वैभवातली नायिका आणि फाटक्या लुगड्यातली नायिका एकच गळा कसा उभा करतो, ते त्याचे त्याला उमगू द्यावे. उत्तरकालीन ध्वनिमुद्रणे मागाहून. आणि त्याला काही आवडले नाही, तर ते बोलण्याची मुभा असावी.

देवदर्शनास नवा माणूस आला, की आपल्याकडे “तुमचो कुळदेव खंयचो?” असे विचारतात. हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला, तर धागा कोठे जुळतो ते पाहावयासाठी असतो. वाईट मनाने विचारला, तर परतवून लावण्यासाठी. शब्द तेच, मन निराळे. रसिकांच्या बैठकीतही असेच आहे. “तू काय ऐकले आहेस?” हे धागा शोधण्यासाठी विचारावे. त्या मुलीचा धागा भीमपलासाशी जुळला. दुसऱ्या कोणाचा चित्रपटाशी जुळेल, तिसऱ्याचा आजीच्या आठवणीशी.

१९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात नारायणरावांनी संत एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्य मानलेल्यांच्या पंक्तीस बसून जेवणारे, त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करणारे एकनाथ त्यांनी आपल्या मुखाने बोलून दाखविले. त्या नटाचे आपण चाहते. त्याच्या जन्मदिवशी जी पंगत बसते, तिच्यात एक पान जास्त मांडलेले असावे, एवढेच मागणे आहे.

जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट ही, की पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा आली. त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला पुढे बोलावले, एक पद लावले आणि विचारले, “हा राग कोणता गं? मला अजून समजलेला नाही.” या वेळी त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.