पहिली चाल कोणाची?

सुपरहिरोंच्या कथेत सुरुवात खलनायक करतो. बँक लुटायची, शहर ओलीस धरायचं, हे त्याला सुचतं. नायक संकट येईपर्यंत वाट पाहतो. कॉमिक्स वाचताना हे खुपत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसून, फासे टाकत तीच कथा घडवू लागले की मात्र खुपतं. रोलप्लेइंग गेममध्ये खलनायक व्हावंसं वाटतं ते मुख्यतः यामुळे, असं माझं मत आहे. बेत आपण आखावा, धावपळ दुसऱ्याने करावी. क्रौर्याची हौस थोड्यांनाच असते आणि तीही लवकर फिटते.

नायकाला पहिली चाल नसण्याची ही उणीव नायकांच्या खेळांनी वेगळ्या वाटेने भरून काढली. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’मध्ये आपलं पात्र गुणांच्या हिशेबाने घडवायचं असे. मागे लागलेला शत्रू, जपावं लागणारं माणूस, लपवलेली ओळख अशी ओझी स्वीकारली की शक्तींसाठी जास्त गुण मिळत. म्हणजे नायकाची दुखरी नस खेळाडू स्वतःच निवडून खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या हाती देई. टीएसआर कंपनीच्या १९८४च्या ‘मार्व्हल सुपर हिरोज’ने आणखी धाडस केलं. तिथे ‘कर्मा’ नावाची पुंजी होती. अवघड क्षणी फासा सावरायला ती खर्च करता येई, शक्ती वाढवायलाही तीच लागे. घरच्यांना दिलेला शब्द पाळला की ती वाढे, मोडला की घटे. आणि नायकाने जीव घेतला की सगळीच्या सगळी जाई. समोरचा गुंड निरपराधांना मारत सुटला आहे, त्याला संपवणं सोपं आहे, आणि आपण हात आवरतो आहोत: हा ताण मला कुठल्याही बेबंद खलनायकीपेक्षा जास्त खिळवतो. २०१६च्या ‘मास्क्स’मध्ये किशोरवयीन नायक आहेत. मोठी माणसं त्यांच्याविषयी जे बोलतात, त्याने त्यांची स्वतःविषयीची समजूत बदलते आणि पात्राच्या कागदावरचे आकडेही हलतात. नायकाची बाजू इतकी बारकाईने लिहिली गेली आहे.

खलनायकांच्या वाट्याला असं लेखन फार कमी आलं. २००४चा ‘नेसेसरी ईव्हिल’ घ्या. परग्रहवासीयांनी पृथ्वीवरचे नायक मारले आहेत. आता लढायला खलनायकच उरले. कल्पना झकास आहे, आणि एकमेकांवर विश्वास नसलेल्या मंडळींना एकत्र बांधायला निमित्तही पक्कं मिळतं. पण खेळ पुढे सरकतो तसं लक्षात येतं की आपण पृथ्वी वाचवतो आहोत. पोशाख खलनायकाचा, काम नायकाचं.

संगणकावरच्या ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ने (२००५) उलटी चूक केली. तुरुंग फोडून बाहेर पडणारी सुरुवात जोरदार, पण त्यानंतर खेळाडू बराच काळ लॉर्ड रेक्लूजच्या अराक्नॉस संघटनेची आणि इतर बड्यांची कामं करत राहतो. नायकाने हुकूम पाळला तर ते कर्तव्य वाटतं. जग जिंकायला निघालेल्याने हुकूम पाळत राहावं, यात त्या भूमिकेचा प्राणच जातो.

ग्रेग स्टोल्झी यांचा ‘बेटर एंजल्स’ (२०१३) मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. यात तुमच्या अंगात सैतान शिरलेला असतो आणि त्या सैतानाची भूमिका टेबलावरचाच दुसरा खेळाडू करतो. त्याला खूश ठेवायला भपकेबाज, गाजावाजा होणारे गुन्हे करायचे, पण खरं, कुजकं पाप टाळायचं. इथे खलनायकालाही आवरायला काहीतरी आहे, आणि मोह घालणारा आवाज मित्राचाच असल्याने तो टाळताही येत नाही.

तरीही बेत आखण्याचा आनंद नियमांत बसवण्याचं काम अपुरं आहे. त्याची चावी, मला वाटतं, ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’मध्ये सापडते. तिथे गेम मास्टरने कथेसाठी खलनायकाला निसटू दिलं की खेळाडूंना भरपाई म्हणून हिरो पॉइंट मिळतो. हा व्यवहार उलटा करून पाहावा. बेत खेळाडूंनी मांडावा. तो जितका मोठा, तितके जास्त गुण गेम मास्टरला नायकांसाठी मिळावेत, आणि ते कधी खर्च होतील हे खेळाडूंना कळू नये. पकडले गेल्यावर पुढचा बेत तुरुंगातूनच सुरू व्हावा. असा खेळ कोणी नेटका लिहून काढला, तर मी पहिल्याच बैठकीला खुर्ची धरेन.